आमच्या गल्लीचा गोल

आमच्या सरकारी दवाखान्यात आता दहा-बाराजणांना एकत्र बसवून तपासतात, हे फोनवर सांगितलं तेव्हा पालीची माझी धाकटी बहीण हसली. "म्हणजे मेंढरांना औषध पाजत्यात तसं का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मेंढरांसारखं आधी होतं. तिला ते पटलं नाही. तिला तिचा मुलगा बीडला खाजगी डॉक्टरांकडे नेतो. तिथे गार हवेच्या खोलीत एकटीला आत घेतात. 'एकटीला' हा शब्द तिने फार अभिमानाने उच्चारला. मी वाद घातला नाही. मला बोलून वाद घालता येत नाही, लिहून घालता येतो. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. सावकाश लिहिते आहे, कारण मधे मधे थांबावं लागतं.

माझे यजमान होते तेव्हा आम्ही दोघं दर महिन्याला त्या दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचो. दोघांनाही साखर. केसपेपर काढायचा, भिंतीला टेकत टेकत पुढे सरकायचं आणि एकदाचं टेबलापाशी पोचायचं.

"शुगर?"

"दोनशेच्या वर आहे."

"गोळ्या चालू आहेत?"

"हो."

"त्याच घ्या. पुढचा."

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आमच्या मागे अख्खं गाव उभं असायचं. पण ते टेबल कमरेएवढं उंच होतं, आणि टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पाय असतात, हे तिथे कधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमचं घर कापडाच्या व्यापाऱ्याचं. दुकानाच्या गादीवर माझे थोरले दीर बसतात. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. माझे यजमान त्यांच्या डाव्या हाताला बसून कापड मोजायचे, फाडायचे. मी शाळेच्या ग्रंथालयात होते. पुस्तकांचे कणे उसवले की यजमान दुकानात उरलेले तुकडे घेऊन यायचे, स्वतः खळ शिजवायचे आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर बांधणीला बसायचे. आमच्या शाळेतल्या जुन्या पुस्तकांचे कणे अजून पॉपलिनचे आणि शर्टिंगचे आहेत. कुणाच्या सदऱ्यातलं उरलेलं कापड कुठल्या पुस्तकाला लागलंय, हे त्यांना तोंडपाठ असायचं. "हे व्याकरण सरपंचांच्या चौकड्यात," असं म्हणून ते पुस्तक माझ्या हातात द्यायचे.

आमच्या घरातले पुरुष श्रावणभर पायात काही घालत नाहीत. शेवटच्या सोमवारी अनवाणी चालत परळीला जातात, वैजनाथाच्या दर्शनाला. सासऱ्यांनी केलं, अण्णांनी केलं, यजमानांनीही केलं. त्या एका श्रावणात यजमानांच्या तळपायात काच गेली आणि त्यांना ती कळलीच नाही. मोरीत रक्त मला दिसलं. ते म्हणाले, "दुखत नाही गं." दुखत नाही, हे त्यांनी चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं. मी दवाखान्यात चला म्हटलं. रोज म्हटलं. अण्णांनी जखमेत हळद-तेल भरायला सांगितलं आणि वर म्हणाले, "देवाच्या महिन्यात पायात वहाण घालायची का आता?" त्यांच्या शब्दाच्या वर आमच्या घरात कुणाचाच शब्द नव्हता. यजमान परळीला गेले, आणि आले ते ताप घेऊनच. बीडला नेलं तोवर विष अंगात भिनलं होतं.

घरातून लोकांना 'हार्ट' असं सांगितलं गेलं. देवाच्या वाटेवरून आलेला माणूस पायाने गेला, हे कसं सांगणार? भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, घरात शिकलेली बाई असून असं कसं झालं. मी ऐकून घेतलं. मानलं मात्र नाही, आणि आजही मानत नाही. देवाने पाय मागितला नव्हता, आणि मी गप्प बसले नव्हते.

पुढच्या वर्षी दवाखान्यात कोल्हापूरकडच्या एक तरुण डॉक्टरबाई आल्या. त्यांनी ठरवलं की साखरेचे आणि बीपीचे जुने पेशंट यापुढे रांगेत उभे राहणार नाहीत, गोलात बसतील. महिन्यातला एक बुधवार, आणि बाळांना लस टोचतात ती खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या. सिस्टर एकेकाचा बीपी बघणार, बोटातून थेंब घेणार आणि आकडा मोठ्यांदा सांगणार. डॉक्टरबाईही त्याच खुर्च्यांतल्या एका खुर्चीवर. टेबल नाही. मग प्रत्येकाने महिना कसा गेला ते सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, विचारायचं. एकट्याला दोन मिनिटं मिळत होती, त्याऐवजी सगळ्यांना मिळून सकाळचा चांगला मोठा तुकडा. गावाने त्याला लगेच नाव पाडलं. "आज गोल हाय का?" असं लोक विचारायला लागले.

पण डॉक्टरबाईंची एक चूक झाली. त्यांनी गट गल्लीवार पाडले. एका हाकेत सगळे जमतील, एकमेकांना आठवण करून देतील, हा त्यांचा विचार. दुसऱ्या गावात तो बरोबरही ठरला असता. आमच्या गल्लीत शेजारी म्हणजे चुलत सासरे, चुलत दीर, पुतणसुना, आणि बांधाच्या भांडणात एकमेकांना कोर्टात खेचलेले दोन सख्खे भाऊ. पहिल्या बुधवारी मी आत गेले, रिकाम्या खुर्चीवर बसले, मान वर केली, तर बरोबर समोर अण्णा.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगायचं, आणि तिसरं कुणी नसेल तर भिंतीला. "चहा ठेवलाय म्हणावं." "वाण्याचा निरोप आलाय म्हणावं." शाळेत मी मुलांना दरडावायची, प्रसंगी मुख्याध्यापकांशी भांडायची, आणि घरी येऊन भिंतीशी बोलायची. तीस वर्षांत अण्णांशी मी एक वाक्य सरळ बोलले नव्हते. यजमान गेले त्या दिवशीसुद्धा नाही.

तर पहिला गोल असा झाला की बायकांनी पदर पुढे ओढले आणि पुरुष भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत बसले.

"कुणाला काय त्रास होतोय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"न्हाई काई."

"जेवण कसं चाललंय?"

"बरं हाय."

"गोळ्या चुकतात का कधी?"

"न्हाई."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं दुचाकीचं गॅरेज आहे ते चाचा उठले. आमच्या गोलात कुणाचेच सासरे नाहीत आणि कुणाचेच दीर नाहीत असे ते एकटे. त्यांनी बूट काढला, मोजा काढला आणि पाय सगळ्यांसमोर खुर्चीवर ठेवला. अंगठ्याच्या जागी नुसती घडी होती.

"ह्ये बघा. गाडी चालू करून बघायलतो, पाय सायलेन्सरला टेकलेला. मला काय कळंना. वास आला. म्हनलं, कोन बे मटन भाजायलंय भर दुपारी? भूक लागली मला! खाली बघतो तं माझाच अंगठा."

"शी! काय बोलताव चाचा," बायकांतून आवाज आला. आणि कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. अण्णासुद्धा हसले, रुमाल तोंडावर धरून.

त्या दिवसापासून गोल बोलू लागला, पण आपल्या पद्धतीने. सुना सासऱ्यांशी बोलायच्या नाहीत, त्या चाचांना सांगायच्या. "चाचा, त्यांना म्हणावं, उपास करताव आन् वरून साबुदाणा दोन ताटल्या खाताव, मग शुगर वाढंल न्हाई तं काय?" सासरे समोरच बसलेले. तेही चाचांनाच उत्तर द्यायचे. "तिला म्हणावं, ताटली वाढतंय कोण?" कोर्टातले दोघे भाऊसुद्धा चाचांच्या तर्फेच एकमेकांचा बीपी विचारायला लागले. एकदा चाचा चिडले. "मी काय पोस्टमन हाय का? चार हातांवर बसलेत ते, सांगा की तुमीच!" पण कुणी सांगितलं नाही, आणि चाचांनीही निरोप पोचवायचे थांबवले नाहीत. डॉक्टरबाई हे सगळं डोळे मोठे करून ऐकायच्या. कुणाच्या घरात काय शिजतं, कोण गोळ्या देवळीत ठेवून विसरतं, हे त्यांना तिथे जेवढं कळलं तेवढं टेबलापलीकडून शंभर वर्षांत कळलं नसतं. मी बहिणीला हेच सांगत होते. एकटीला आत घेतात तिथे माणूस एकटाच खोटं बोलतो. आमच्या इथे खोटं बोलायला गल्लीची संमती लागते.

माझं लक्ष मात्र एकाच गोष्टीकडे होतं. अण्णा डावा पाय जरा बाहेर टाकून चालायला लागले होते. यजमान काही दिवस तसेच चालायचे.

श्रावण लागायच्या आधीच्या बुधवारी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना आपापल्या पाळीला पायातलं काढायला सांगितलं. काडीला बसवलेला नायलॉनचा एक जाड दोरा त्यांच्या हातात होता. डोळे मिटायचे, दोरा तळपायाला लागला की सांगायचं. चाचांनी दोरा टेकायच्या आधीच "लागला!" म्हणून ओरडून सगळ्यांना हसवलं. एकेक करत पाळी अण्णांपर्यंत आली.

"माझं ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "घरी बघतो मी."

"घरी कसं बघणार, अण्णा? तळपाय आपला आपल्याला दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मला काई दुखत न्हाई. दुखत न्हाई तं बघायचं काय?"

ते वाक्य मी माझ्या मोरीच्या उंबऱ्यात ऐकलेलं होतं. मी चाचांकडे वळले. "चाचा, त्यांना म्हणावं..." इथवर आले आणि थांबले. माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा भिंतीशी बोलते आहे. मी पदर तसाच ठेवला, पण मान वर केली.

"अण्णा, मोजा काढा," मी म्हणाले.

अण्णांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"ह्यांनाही दुखत नव्हतं. हार्ट नव्हतं अण्णा ते, पाय होता. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मोजा काढा."

अण्णा उठले. चप्पल पायात नीट जाईना, तशीच अर्धी अडकवून निघाले. दारात थांबून डॉक्टरबाईंना म्हणाले, "असल्या जागी बायामाणसांना कशाला बोलावता तुमी?" आणि गेले. माझी पाळी यायच्या आतच त्या दिवशीचा गोल मोडला.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. आमची दोन्ही घरं एका भिंतीची, मधे एक दार. तलवाड्याच्या मोठ्या घरातून आलेली ती बाई, कधी आवाज चढवून बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी दारातूनच सुरू झाल्या.

"भर दवाखान्यात त्यांच्या पायाचा विषय काढलास. चार लोकांत त्यांची काय राहिली आता?"

"चार लोक नव्हते, वहिनी. आपलीच गल्ली होती."

"म्हणून तं! परक्यात बोलली असतीस तं एक बार चाललं असतं." त्यांनी डोळे पुसले. "डागतरीणबाईला मी विचारून आले. ती म्हणली, बायकांचा गोल वेगळा करून देते. तू त्यात जा."

"मी जाणार नाही."

"कावून? तुला काय, शुगरच बघायची ना? इथं बघितली काय आन् तिथं बघितली काय."

"अण्णा त्या गोलात आहेत, म्हणून मी त्या गोलात बसणार."

"लई शिकलीस," त्या म्हणाल्या. "ह्याच शिकण्यानं..." आणि थांबल्या. त्या पुढे काय म्हणणार होत्या, ते मला बाकीच्या बायकांनी आधीच ऐकवलं होतं.

"बोला, वहिनी. ऐकून घेते. पण उठणार नाही त्या खुर्चीवरून."

त्यांनी मधलं दार ओढून घेतलं आणि पलीकडून कडी लावली. तीस वर्षांत ते दार दिवसाउजेडी बंद झालेलं मी पाहिलं नव्हतं.

श्रावण लागला. अण्णा अनवाणी दुकानात जाऊ लागले. मी ओट्यावरून रोज बघायची. गल्लीत खडी अंथरलेली, मधे चिखल. त्यांची वाट डाव्या बाजूने वाकडी होत चाललेली. गल्लीतल्या बायका नळावर मला जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. भांडण त्या पायाशी होतं, आणि तो पाय रोज माझ्या दारावरून जात होता.

गोलाच्या पुढच्या बुधवारी अण्णांची खुर्ची रिकामी होती. मी माझ्या खुर्चीवर बसले. सिस्टरने बीपीचा पट्टा पहिल्या दंडाला गुंडाळला, तेवढ्यात दार ढकलून जाऊबाई आत आल्या. त्यांना साखरही नाही, बीपीही नाही. त्या सरळ अण्णांच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पदर कपाळापर्यंत, दोन्ही हात मांडीवर घट्ट.

"सकाळी चादर धुवायला घेतली," त्या खाली बघत म्हणाल्या. "पायाच्या अंगाला पू लागलाय. वास येतोय. मी म्हणलं दवाखान्यात चला. म्हणले, परळीहून आल्यावर बघू."

परळी शब्द ऐकला आणि मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांना इथे घेऊन या, मी लगेच बघते. पण माणूस नाही म्हणाला तर मला जबरदस्ती करता येत नाही."

"तुम्ही नका करू," मी म्हणाले. "तुम्ही फक्त पेटी घेऊन चला. जबरदस्ती आम्ही करतो."

मी उठले. मला वाटलं होतं, जाऊबाई आणि मी, दोघीच जाऊ. पण चाचा उठले. मग अण्णांचे चुलत चुलते काठी टेकत उठले. सुना उठल्या. कोर्टातले दोघे भाऊ उठले आणि दारात एकमेकांना आधी जाऊ देण्यासाठी अडले. डॉक्टरबाई क्षणभर रिकाम्या खुर्च्यांच्या मधे उभ्या राहिल्या, मग पेटी उचलून मागे आल्या. भर बाजारपेठेतून आमचा गोल चालत निघाला. लोक विचारायचे, "काय झालं? कोन गेलं?" चाचा म्हणायचे, "कोनी न्हाई गेलं. जाऊ द्यायचं न्हाई म्हणून तं चाललाव."

दुकानाच्या पायरीशी सगळ्यांनी चपला काढल्या. कापडाच्या गादीवर चप्पल घालून कुणी चढत नाही. अण्णा आत बसले होते, डावा पाय धोतराच्या घोळात झाकलेला. समोर एक गिऱ्हाईक ब्लाउजपीस बघत होतं. एवढी माणसं एकदम चढलेली पाहून अण्णांच्या तोंडून सवयीने गेलं, "या, या. काय दाखवू?"

"दाखवा की," चाचा म्हणाले आणि गादीवर ऐसपैस बसले. "गोल आज तुमच्या गादीवर हाय, अण्णा."

सगळे बसले. गोलच झाला, कारण गादीवर दुसरं कसं बसणार. अण्णांनी बायकोकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. मग त्यांनी चुलत्यांकडे पाहिलं. चुलते म्हणाले, "लेका, तुझ्या बापाला मी हाताला धरून परळीला नेलंय. त्या देवाचं मला बी कळतंय थोडं. पाय दाव." तरीही अण्णा हलले नाहीत. चेहरा दगडासारखा. गिऱ्हाईक हातात कापड धरून उभंच.

मी त्यांच्या समोर बसले होते. माझे यजमान बसायचे ती जागा त्यांच्या डाव्या हाताला रिकामी होती, तिथे मोजायचा गज ठेवलेला. मी गज उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागेवर जाऊन बसले. गादीच्या त्या विकणाऱ्या बाजूला आमच्या घरातली बाई कधी बसलेली नाही.

"अण्णा," मी म्हणाले, "ह्यांच्या वेळेला तुमच्या शब्दापुढे मी गेले नाही. आता जाते आहे. पाय पुढे घ्या, नाहीतर मी इथून उठत नाही. आजही नाही, उद्याही नाही. दुकान कसं चालवायचं ते चालवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं असावं, कारण मलाही त्यांचे डोळे नवीन वाटले. यजमानांसारखेच घारे.

"माझ्यामुळं गेला का तो?" त्यांनी विचारलं. फार हळू.

मी याचं उत्तर दिलं नाही. देता आलं असतं. मनात ते वर्षभर तयार होतं. "पाय," मी म्हणाले.

त्यांनी धोतराचा घोळ सारला.

डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले आणि गिऱ्हाईकाला बाहेर जायला सांगितलं. करंगळीच्या खाली भोक पडलं होतं, बोट आत जाईल एवढं. कडा काळ्या. डॉक्टरबाईंनी लगेच चाचांना गाडीची सोय करायला सांगितली. बाहेर पडताना अण्णांच्या पायाला पट्टी होती आणि पट्टीवरून जाऊबाईंनी दुकानातला कोरा मांजरपाट गुंडाळला होता.

दोन बोटं गेली. पाऊल राहिलं. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की परळीला चालत गेले असते तर पोटरीपासून काढावं लागलं असतं, आणि तेही नशीब असतं तर. शेवटच्या सोमवारी अण्णा खाटेवर होते. परळीला त्या वर्षी आमच्या घरातून कुणी गेलं नाही. गावात बोललं गेलं. बोलोत. मधल्या दाराची कडी कधी निघाली ते मला कळलं नाही. एका सकाळी ढकललं तर उघडलं.

अण्णा परत गोलात आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पायात दवाखान्याने दिलेला मऊ बूट, सोबत जाऊबाई. आता जाऊबाईंसाठीही मागे एक खुर्ची असते. माझ्याशी अण्णा बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्यांनी माझे आभार मानावेत असं मला वाटत नव्हतं. ते जे बोलले असते ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

त्याच दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला तुम्हा सगळ्यांची माफी मागायची आहे. गट पाडताना नातीगोती मी विचारात घेतली नाहीत. तुमची किती अडचण झाली ते आता कळतंय. पुढच्या महिन्यापासून बदलून देते. बायकांचा गोल वेगळा, भावकी वेगवेगळ्या गोलात. चालेल ना?"

कोर्टातल्या धाकट्या भावाने लगेच हात वर केला. "मला ह्याच्यापसून लांब बसवा. ह्याचा बीपी ऐकून माझा वाढतो." लोक हसले. मी काय म्हणायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात अण्णांनी काठी जमिनीवर आपटली.

"हाय तसं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आन् आमच्या घरच्या धाकट्या बाईचा पाय कुणी बघितला का? दुसऱ्याचे बघत गावभर हिंडायलीय."

टोमणा होता. राग होता त्यात, आणि खरंही होतं. मी यजमान गेल्यापासून कापडी बूट आणि मोजे घालते, आणि माझी पाळी अजून आली नव्हती.

मी बूट काढला, मोजा काढला. पाय पुढे केला. दुसऱ्या बोटात चांदीची जोडवी होती. यजमान गेल्यावर बायका ती उतरवायला आल्या तेव्हा मी पाय आखडून घेतला होता. त्या म्हणाल्या होत्या, मग कधी काढशील? मी म्हटलं होतं, बघू. घरात कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि मोज्याच्या आत कुणी बघितलं नाही.

आता सगळ्या गोलाने बघितलं. मागे जाऊबाईंची बांगडी वाजली. कुणीतरी जिभेने चक् केलं. अण्णांची नजर माझ्या पायावर होती आणि ती तिथून हलत नव्हती. मी पाय मागे घेतला नाही.

डॉक्टरबाईंनी वाकून बोटांमधली कातडी दाबून बघितली. "इथे लाल झालंय," त्या म्हणाल्या. "जोडवी घट्ट होताहेत. अशीच राहिली तर जखम होईल. सोनाराकडून जरा सैल करून घ्या."

"घेते," मी म्हणाले, आणि डोळे मिटले. तळपायाला दोरा लागला.

"कळलं," मी म्हणाले.